मृत्युपत्रात न लिहिलेला पाट

"तो सांगान गेलो, करूक मी आसंय."

एवढं बोलून झालं की तो उजवा पंजा माझ्या टेबलावर पालथा ठेवायचा. आपटायचा नाही, ठेवायचाच. पण जन्मभर शिडाच्या मचव्यावर दोर ओढलेला तो हात, त्याच्या वजनानेच दौत हलायची आणि माझ्या फेरफाराच्या पानावर शाईचा थेंब पडायचा. मी ओरडायचो, "अहो तांडेल, सरकारी कागद आहे हा." तो पंजा उचलायचा, खाली काही चिरडलंबिरडलं नाही ना ते बघायचा आणि पुन्हा तिथेच ठेवायचा.

तुमच्याही गावात असा एखादा असेल. एकदा शब्द दिला की त्याच्यापुढे ना ऊन ना पाऊस, ना स्वतःच्या जेवणाची वेळ ना दुसऱ्याच्या. असली माणसं लांबून फार छान दिसतात. मला हा जवळून भोगावा लागला, कारण मी त्या गावचा तलाठी होतो.

त्याला नाव होतं. मतदारांच्या यादीत मी स्वतः ते वाचलेलं. पण त्या नावाने हाक मारली असती तर त्याने मागे वळूनही पाहिलं नसतं. मचव्यावरचा मुख्य माणूस तो तांडेल, आणि हा दाजींच्या मचव्यावरचा तांडेल. दाजी म्हणजे आमच्या मालवणाकडच्या किनाऱ्यावरचे एक बऱ्यापैकी व्यापारी. मचव्यातून नारळ आणि काथ्या मुंबईला जायचा, येताना धान्य नि कौलं यायची. वाटेत विजयदुर्गाला वारा पडला की दोघं मालक-नोकर एकाच ताटात जेवायचे आणि एकमेकांना आई-बहिणीवरून शिव्या घालायचे. पुढे मोटारी आल्या, मचवा वाळूत रुतून कुजला, दाजी दुकानात बसले आणि तांडेल त्यांच्या दुकानाच्या पायरीवर. शिव्या तेवढ्या चालू राहिल्या.

पन्नासच्या दशकाच्या शेवटी दाजी वारले. रत्नागिरी जिल्हा तेव्हा एकच होता आणि मालवणची कचेरी आम्हाला काशीइतकी लांब वाटायची. दाजींनी रीतसर मृत्युपत्र करून ठेवलं होतं आणि ते अमलात आणायचं काम तांडेलावर सोपवलं होतं. गावात दोन शिक्षक, एक निवृत्त फौजदार, झालंच तर पोस्टमास्तर. ते सगळे सोडून तांडेल. मी त्याला पहिल्याच भेटीत विचारलं, तुम्हालाच का हो निवडलं? म्हणाला, "बाकीचे शहाणे आसत. ते इचार करतत."

दाजींची बायको आधीच गेलेली. एकुलता मुलगा लग्नानंतर थोड्याच दिवसांत तापाने गेला. मागे राहिली सून, सुमती. मूल नाही, माहेरी कोणी विचारणारं नाही. तिने सासूचं केलं, मग दाजींचं केलं. शेवटची दोन वर्षं तर म्हाताऱ्याला उचलून बसवण्यापासून सगळं. दाजींनी स्वतःच्या कमाईने बांधलेलं घर आणि मागचं माडांचं परडं तिच्या नावे केलं, आणि खाली लिहिलं, तिला या घरातून कोणी उठवू नये. पुतण्या होता वसंत, मुंबईला गोदीत कारकून. त्याला अगदीच रिकाम्या हाताने पाठवू नये म्हणून घरातल्या सगळ्या जंगम वस्तू त्याला. बाकी बारीकसारीक देणग्या.

या बारीकसारीक देणग्यांनी माझ्या नाकी नऊ आणले. दाजींचा पितळी पानाचा डबा आरोंद्याच्या मावसबहिणीला द्यायचा होता. तांडेल मोटारीने, मग चालत, मग होडीने आरोंद्याला पोचला, तर ती बहीण केव्हाच वारलेली. दुसरा कोणी डबा तिच्या मुलीकडे देऊन जेवून परत आला असता. हा डबा घेऊन तसाच परत माझ्याकडे. "भाऊ, मेलेल्या माणसान मेलेल्या माणसाक दिलेला कोणाचा?" मी म्हटलं, मुलीला द्या नि मोकळे व्हा. पुन्हा आरोंदा.

आणि ती काठी. दाजींचं शेजारच्या वाडीतल्या एका म्हाताऱ्याशी बांधावरून कायमचं वैर होतं. दाजींनी आपली चांदीच्या मुठीची काठी त्यालाच ठेवली होती. प्रेमाने की खोडी काढायला, देव जाणे. म्हातारा घेईना. तांडेल रोज सकाळी जाऊन काठी त्याच्या पडवीत ठेवून यायचा, म्हातारा ती बांधावरून इकडे फेकून द्यायचा. सगळी वाडी दात घासता घासता ही मजा बघायची. शेवटी म्हातारा घसरून पडला आणि उठण्यासाठी त्याला तीच काठी हाताशी सापडली. तांडेल माझ्याकडे येऊन गंभीरपणे म्हणाला, "काठीचा झाला."

घराचं मात्र इतक्या हसतखेळत व्हायचं नव्हतं. सुमतीचं नाव लावायचा अर्ज आला तशी वसंताने हरकत घेतली. बाईमाणूस, उद्या घर विकून माहेरी जाईल, घराण्याची वास्तू परक्याच्या घशात जाईल, आणि मुख्य म्हणजे मृत्युपत्राच्या वेळी दाजी शुद्धीवर नव्हते. मालवणला कचेरीत सुनावणी झाली. तांडेल कोट घालून आला होता, कोणाचा ते मी विचारलं नाही. वसंताच्या वकिलाने त्याला दरडावून विचारलं, "मृत्युपत्र लिहिलं तेव्हा दाजी पूर्ण शुद्धीवर होते, हे कशावरून?"

तांडेलाने कचेरीत शोभेल असं शुद्ध मराठी जमवलं. "मला शिव्या देत होते, साहेब."

"शिव्या तर वेडाही देतो."

"माझ्या आजोबापासून क्रमाने देत होते. वेड्याला क्रम लागणार नाही."

मामलेदार रुमालात खोकले. निकाल सुमतीच्या बाजूने लागला, मी फेरफार मंजूर करून घेतला, सातबाऱ्यावर तिचं नाव चढलं. मला वाटलं, सुटलो.

मग तांडेल जंगम वस्तू द्यायला निघाला. दाजींचं ते वरचं घर आणि उतारावर खाली वसंताचं, तिथे त्याची म्हातारी आई राहायची. तिला सगळे काकी म्हणत. तांडेलाने वरच्या घरातून तांब्या-पितळेची भांडी काढली, समया काढल्या, आरामखुर्ची, घडवंची, दुकानातला तराजू. वसंत अंगणात उभा राहून "हे राहू द्या, ते राहू द्या" म्हणत होता. केस हरल्यामुळे त्यालाही थोडी लाज वाटत असावी. पण तांडेल ऐकेल तर तांडेल कसला? लिहिलंय सगळ्या जंगम वस्तू, म्हणजे सगळ्या. फिरत फिरत तो माळ्याखाली गेला. तिथे खुंटीला गणपतीचा पाट टांगलेला होता. त्याने तोही काढला, पंच्याने पुसला आणि स्वतःच्या खांद्यावरून खालच्या घरात नेऊन दिला. काकीने पाट बघितला, वरच्या घराकडे बघितलं आणि आत निघून गेली.

आमच्याकडचा नसेल त्याला यात काय एवढं असं वाटेल. म्हणून सांगतो. आमच्या भागात चवथीचा गणपती विकत आणायचा नसतो. घराण्याचा पाट आधी मूर्तिकाराच्या शाळेत, म्हणजे त्याच्या कारखान्यात, द्यायचा, त्या पाटावर तो मूर्ती घडवतो, आणि ज्या घरचा पाट त्या घरी गणपती येतो. विसर्जन झालं की पाट परत घरात. सगळे भाऊबंद चवथीला त्या एका घरात जमतात, आणि ज्या घरात गणपती ते मूळ घर. तिथल्या अंगणात सगळे येतात, माडावर चढायला माणूस मिळतो, दुखलंखुपलं तर हाकेला ओ मिळते, मेल्यावर खांदा मिळतो. गणपती गेला की घराच्या नुसत्या भिंती उरतात, सातबाऱ्यावर कोणाचंही नाव असो. आणि मृत्युपत्र लिहिताना दाजींच्या, लेखनिकाच्या, साक्षीदारांच्या, कोणाच्याच डोक्यात पाट आला नाही. देवाचा पाट ही कोणाची वस्तू असते असं आमच्यात कोणाला सुचतच नाही.

वसंताच्या मात्र दुसऱ्या दिवशी बरोबर लक्षात आलं. त्याने वाडीत सांगून टाकलं, या वर्षापासून चवथ खालच्या घरात. वाडीने मान डोलावली. विधवा बाई तरी गणपती कसा बसवणार? वाडीतल्या एका जाणत्याने सुमतीला सरळ सल्ला दिला, आता वसंताला घर देऊन टाक, तो तुला दोन वेळचं जेवण घालील. तिला उठवायला आता कोर्टाची गरज नव्हती.

तांडेल माझ्याकडे आला तेव्हा त्याने टेबलावर हात ठेवला नाही. बसला नुसता. मग म्हणाला, "भाऊ, पाट जंगम की स्थावर?"

मी म्हटलं, जंगम. ढळढळीत जंगम.

"मग मी दिलंय ता कायद्यान बरोबर."

"कायद्याने बरोबर."

"आणि दाजीन सांगलेला, तिका कोणी उठवता नये." त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढा दांडगा माणूस, मला कुठे बघावं कळेना. "माज्याच खांद्यावरसून मी तिचा घर न्हेवन दिलंय, भाऊ."

मी चिडलो. खरं तर मला त्याची दया आली होती आणि मला दया आली की मी चिडतो. म्हटलं, मग जा आणि वसंताकडून परत मागून आणा. चूक झाली म्हणावं. तो माझ्याकडे असा बघायला लागला की मीच काही चोरी सुचवली. "दाजीन तेका दिलेला. ता मी परत मागू? काल दाजीचा करू आणि आज मोडू?" मी सुचवलं, देवळात गाऱ्हाणं घाला, कौल लावा, देवच सांगेल. त्याने ठाम मान हलवली. "देवान नाय म्हटल्यान तर? मग थयच अडाकलंय." देवाला विचारायचंच नाही, एवढी सावधगिरी मी दुसऱ्या कोणात पाहिली नाही.

सुमतीने त्याला एका शब्दाने दोष दिला नाही. उलट चहा केला. एवढंच म्हणाली, "तांडेलकाका, आता चवथीक हय कोण येतला?" त्या प्रश्नाने तांडेल दोन दिवस घरातून बाहेर पडला नाही. तिसऱ्या दिवशी तो कुऱ्हाड घेऊन तिच्या परड्यात शिरला.

परड्यात फणसाचं जुनं झाड होतं. झाड स्थावर, म्हणजे सुमतीचं. त्याची एक जाड फांदी त्याने तिच्या परवानगीने तोडली, सुताराकडून चिरून घेतली आणि नवा पाट करवला. मी म्हटलं, अहो, एका घराण्याचे दोन गणपती म्हणजे घराणं फुटलं. गाव तुम्हाला खाईल. म्हणाला, "खाव दे. मी जून झालंय, दातात अडकतलंय."

मूर्तिकार पाट घेईना. मी तिथे होतो, कारण तांडेलाने मला ओढून नेलं होतं. चिखलाचे हात तसेच ठेवून मूर्तिकार म्हणाला, "एका घराण्याचे दोन पाट मी घेवचंय नाय."

"घराणा इचारू नको. घरा किती ती इचार."

"दोन."

"मगे पाट दोन."

मूर्तिकाराने माझ्याकडे पाहिलं. मी सरकारी माणूस, मी काय बोलणार? पण खरं होतं ते खरं. म्हटलं, दप्तरी दोन घरं आहेत. तांडेल पाट टेकवून तिथेच उकिडवा बसला आणि बिडी पेटवली. मूर्तिकाराला कामाला हात हलवायला जागा उरली नाही तेव्हा त्याने पाट घेतला.

त्या वर्षीची चवथ मला स्पष्ट आठवते. आमचं घर खाडीपलीकडे. सकाळी घरचा गणपती बसवून मी दुपारच्या तरीने इकडे आलो, म्हटलं बघू तरी काय झालं. तांडेलाने मूर्ती डोक्यावरून आणली होती. देवाच्या डोक्यावर माटवीची लाकडी चौकट बांधली होती, तिला सुपाऱ्या नि कवंडळाची लाल फळं टांगली होती, सगळी सुमतीच्या परड्यातली. पण भटजी येणार नाही असा निरोप आलेला. पूजेला घराण्यातला पुरुष नाही, आणि वाडीशी वाकडं कोण घेणार.

सुमती न्हाऊन देवापुढे उभी होती, हातात दुर्वा. "माज्या हातची पूजा चलात देवाक?" तिने विचारलं.

"माका म्हाईत नाय गो," तांडेल म्हणाला. "घर तुजा आसा, ह्या माका म्हाईत आसा. घरातला माणूस पूजा करता."

तिने केली. चुकतमाकत, मधेच रडत, पण शेवटपर्यंत केली. खालच्या घरातून ढोलकी नि झांजांचा आवाज येत होता, पन्नासएक माणसांचा गजर. वर आम्ही तिघं. सुमती पुटपुटणारी, मी आधीच बेसूर, आणि तांडेल आरती अशी म्हणायचा जसं सगळ्या खलाशांनी मिळून शीड वर ओढावं. प्रत्येक ओळीच्या शेवटी एक हिसका. मला हसू आवरेना, मग सुमतीलाही आवरेना. देवासमोर आम्ही हसलो, तांडेल मात्र डोळे मिटून ओढतच राहिला.

पुढच्या वर्षी त्याने नवा उद्योग काढला. वाटेच्या वळणावर उभा राहून तो जाणाऱ्या-येणाऱ्याला अडवायचा. "दर्शन घेवन जा. नेवऱ्यो खा." पोस्टमन सापडला. काठीवाला म्हातारा सापडला. तो काठी टेकत आला आणि दाजींच्या नावाने चार शिव्या देऊन प्रसाद घेऊन गेला. मूर्तिकाराची बायको आली. हळूहळू आरतीला दहाबारा माणसं व्हायला लागली, पण सगळी बाहेरची. वाडीचं भजन तिच्या अंगणावरून खाली जायचं, थांबायचं नाही. खालच्या घरचं तर कोणी मान वर करून बघत नसे. नारळ पाडायला तिला अजून बाहेरगावचा पाडेली आणावा लागायचा. तांडेल म्हणायचा, "येतले. जातले खय?" दर वर्षी पाट तोच शाळेत नेऊन द्यायचा, दर वर्षी मूर्ती तोच आणायचा.

अशी वर्षं गेली. माझी बदली झाली, तरी चवथीची होडी मी चुकवली नाही. एका श्रावणात तांडेल आजारी असल्याचं कळलं म्हणून बघायला गेलो. एका खोलीचं त्याचं घर, चटई, कंदील, भिंतीला जाळं. स्वतःच्या मागे ठेवायला त्याच्यापाशी काहीही नव्हतं. ताप होता, पण डोकं ताजं. मी विचारलं, "तांडेल, काही सांगायचंय का? मी करीन."

त्याने जरा विचार केला. "नाय, भाऊ. सांगलंय तर तुमका करूक लागात."

आणि खरोखरच काही न सांगता तो गेला. सुमतीने त्याला मुलीसारखं शेवटचं पाणी पाजलं. मी त्याच्यासाठी रडलो, हे इथे लिहायला मला काही वाटत नाही.

त्या वर्षी ती गणपती आणणार नाही असंच सगळे धरून चालले होते. मीही. तरी सकाळचीच होडी धरली, म्हटलं बाई एकटी असेल. तर घराला कडी. पाऊस धो धो. मूर्तिकाराच्या शाळेत गेलो, तिथे सुमती पदर खोचून उभी. पाट तिने स्वतःच आधी नेऊन दिला होता. मूर्तिकाराने मूर्ती उचलून तिच्या डोक्यावरच्या चुंबळीवर ठेवली. मी पुढे झालो, म्हटलं, "द्या, मी घेतो."

"तुमी छत्री धरा, भाऊ. घर माजा, तर मीच व्हरतंय."

आमच्या गावात बाईने डोक्यावरून गणपती आणलेला त्याआधी कोणी पाहिला नव्हता. वाडीतून जाताना पडव्यांतले लोक उठून उभे राहिले. ती चिखलातून पाय रोवत चालली होती, मान ताठ, आणि मी मागून छत्री धरून धावत होतो. गणपती दारात आला की आणणाऱ्याच्या पायावर घरातल्या बाईने पाणी घालायचं आणि भाकरीचा तुकडा ओवाळून टाकायचा, मगच देव उंबरा ओलांडतो. आता घरातली बाई तर डोक्यावर देव घेऊन बाहेर उभी. पाणी घालणार कोण? शेवटी छत्री टाकून मीच तांब्या शोधायचा, असं मी मनाशी ठरवत होतो.

अंगणात वळलो तर दार उघडं होतं. पायरीवर काकी उभी होती, वसंताची आई. त्या निसरड्या उतारावरून ती म्हातारी एकटी कशी चढली कोण जाणे, गुडघ्यापर्यंत चिखल होता. एका हातात तांब्या, दुसऱ्या हातात भाकरीचा तुकडा. खालच्या अंगणातून वसंत "आये, आये" अशी हाक मारत होता. तिने तिकडे बघितलंसुद्धा नाही. तिने सुमतीच्या पायांवर पाणी घातलं, तुकडा ओवाळून टाकला आणि खाली ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ये गो सुमती. तुज्या घरात घेवन ये देवाक."

सुमतीने उंबरा ओलांडला.

संध्याकाळी आरतीला वाडीचं भजन अंगणात थांबलं. पडवीत ज्या खांबाला टेकून तांडेल दर वर्षी उभा राहायचा, तिथे माणसांनी आपल्या भिजलेल्या छत्र्या टेकवून ठेवल्या होत्या, एकावर एक, आणि मला आत जायला वाट मिळेना.